हिरव्या दोऱ्याच्या दोन फुल्या

दोरामावशींबद्दल मला खरं तर फार थोडं ठाऊक आहे. पस्तीसएक वर्षं त्यांच्या लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर राहिलो. दर मंगळवारी सहा शर्ट खाली दिले, शुक्रवारी वर आणले. एक दुपार सोडली तर एवढ्या वर्षांत आमचं बोलणं कॉलर, बटणं आणि खळ यांच्यापलीकडे गेलं नाही. त्यांचं खरं नाव मी एकदाच, एका कागदावर लिहिलं. पुढे सांगतोय ते त्यांनीच त्या दुपारी माझ्या टेबलाशी बसून सांगितलेलं आहे, थोडं इतरांकडून कळलेलं. कुठे माझ्या पदरचं मिसळलं असेल तर तो दोष माझा. मला लिहायची सवय नाही.

लाँड्री दोन आळ्यांच्या मधोमध होती. वरची आळी एका पंथाची, खालची दुसऱ्या. देव एकच, भांडण त्याच्यापर्यंत पोचायच्या वाटेवरून. मावशी आणि त्यांचा नवरा खालच्या आळीचे. पण कपडे दोन्हीकडून यायचे आणि एकाच हौदात भिजायचे. "पाण्यात पडल्यावर कोण कुठल्या आळीचा ते विचारायला मी काय शिरगणतीवाली आहे?" असं मावशी म्हणायच्या.

त्यांची वही नव्हती. प्रत्येक घराला एक खूण. कॉलरच्या आतल्या बाजूला, चादर असेल तर कोपऱ्यात, रंगीत दोऱ्याचे दोन-तीन टाके. डॉक्टरांच्या घरची निळी तिरपी रेघ, पाववाल्याचे लाल तीन ठिपके. अशा चारशे खुणा त्यांच्या डोक्यात होत्या आणि त्यांच्याखेरीज त्या कुणालाच वाचता येत नव्हत्या. धंद्याचा एक नियम त्यांच्या सासूने घालून दिला होता. गिऱ्हाईक गाव सोडून गेलं तरी खूण उसवायची नाही. माणूस मेला आणि घरच्यांनी त्याचे कपडे कुणाला देऊन टाकायला सांगितले, तरच उसवायची.

दंगलींच्या वर्षी मावशी बत्तीस वर्षांच्या होत्या. वरच्या आळीत दुकानं जळली, खालच्या आळीत माणसं. मग सरकारने एक हुकूम काढला. ज्याच्याबद्दल संशय असेल त्याला आत ठेवायचं. कितीही दिवस. कोर्ट नाही, वकील नाही, आरोप काय तेही सांगायचं नाही. आणि एका पहाटे खालच्या आळीत चार ट्रक आले.

मावशींचा नवरा तेव्हा इस्त्री करत होता, कारण डॉक्टरांना सात वाजता शर्ट लागायचा. त्याला तसाच नेला. मावशी दारापर्यंत धावल्या, ट्रक वळेपर्यंत उभ्या राहिल्या आणि परत आल्या तेव्हा इस्त्रीखाली डॉक्टरांचा शर्ट जळत होता. सांगताना त्या थोड्या हसल्या होत्या. "नवरा गेला त्याचं सुचेना, डॉक्टरांना काय सांगू त्याची आधी धडकी भरली." मी त्या पहाटे वरच्या खिडकीशी होतो. पडदा ओढला आणि मागे सरकलो. त्यांनी त्याचा विषय काढला नाही, मीही काढला नाही.

नेलेल्यांना रेल्वेच्या आवारापलीकडच्या तंबाखूच्या जुन्या वखारीत ठेवलं होतं. भेट नव्हती, पत्र नव्हतं. दर गुरुवारी फाटकावर धुतलेले कपडे द्यायचे आणि मळलेले घ्यायचे, एवढीच मुभा होती. फाटकावर एक हवालदार टेबल टाकून बसायचा. गाठोडं सोडून प्रत्येक कपडा मोजायचा आणि मोजलेला आकडा लिहून ठेवायचा. जितके बाहेर गेले तितके आत यायला हवेत. माणूस वरच्या आळीतला, बोलायला गोड.

मळके कपडे हीच बातमी. आणि कपडे वाचायचं म्हटलं तर मावशींसारखं कोण वाचणार? गुरुवारी संध्याकाळी आळीतल्या बायका आपापली गाठोडी घेऊन लाँड्रीत यायच्या.

"मावशी, बघा हो जरा. बरा आहे ना?"

"गुडघ्यावर चुना आहे, म्हणजे भिंती रंगवून घेतायत. चालता-फिरता आहे."

"आणि हे?"

"ही डाळ आहे गं. सांडवण्याइतकी मिळतेय, म्हणजे उपाशी नाही. पट्ट्याची खूणही जुन्याच जागी आहे. जा, जेव आता."

काही कपड्यांवर जे दिसायचं ते त्या सांगत नसत. "घामाचे डाग आहेत," म्हणायच्या आणि गाठोडं लगेच थंड पाण्यात टाकायच्या. रक्ताला गरम पाणी चालत नाही, डाग पक्का होतो.

त्या बायकांत एक बाई येऊन नुसत्याच उभ्या राहायच्या. शाळेतल्या बाई. मावशी त्यांच्याच वर्गात दोन वर्षं शिकल्या होत्या. बाईंचा एकुलता मुलगा रेडिओ दुरुस्त करायचा. ट्रक आले त्यानंतर आठ दिवसांनी, भर दुपारी दुकानातून त्याला दोघांनी बोलावून नेलं होतं. बाई फाटकावर गेल्या तर हवालदार म्हणाला, "नोंद नाही, बाई. आमच्याकडे आलेलाच नाही. तरुण पोरगा आहे, गेला असेल सीमेपलीकडे." आणि ज्याच्या येण्याची नोंद नाही, त्याच्या जाण्याचीही कुणाला करावी लागत नाही. बाई दर गुरुवारी धुतलेले कपडे घेऊन जायच्या, तेच कपडे घेऊन परत यायच्या आणि वाटेत लाँड्रीत थांबायच्या.

सहाव्या की सातव्या गुरुवारी मावशींनी नवऱ्याचं गाठोडं घरी येऊन सोडलं. तीन शर्ट चुरगळून कोंबलेले. चौथ्याला मात्र घडी घातलेली होती. बाह्या मागे, कॉलर वर, दोन दुमड. त्यांच्या दुकानाची घडी. मळक्या कपड्याला घडी कोण घालतं? मावशी हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघत राहिल्या. राखाडी पट्ट्यांचा शर्ट. नवऱ्याचा नव्हे. कॉलर उलटली. हिरव्या दोऱ्याच्या दोन फुल्या आणि बाजूला पिवळा एक टाका.

बाईंच्या घरची खूण.

म्हणजे मुलगा आत होता. आणि नवऱ्याने ते सरकारी वहीत सापडणार नाही, फाटकावर वाचता येणार नाही अशा रीतीने कळवलं होतं, फक्त बायकोला कळेल असं. मावशी हौदाच्या कठड्यावर बसल्या. बाईंना सांगायचं? बाई गप्प बसणाऱ्या नव्हत्या. त्या शर्ट घेऊन थेट फाटकावर जातील, नाही तर वर्तमानपत्राच्या कचेरीत. पहिला प्रश्न येईल, शर्ट कुठून आला? आणि तो ज्याच्या गाठोड्यातून आला तो तर आतच होता.

असा विचार चालू असताना हात स्वस्थ नव्हते. शर्टाच्या खांद्यावर आणि पाठीवर मोठा डाग होता, वाळून काळपट झालेला. मावशींचं लक्ष गेलं तेव्हा शर्ट थंड पाण्यात होता, मीठ पडलेलं होतं, डाग निम्मा निघालेला होता. "मी काही ठरवून केलं नाही हो," त्या मला म्हणाल्या. "डाग दिसला की हात पाण्यात जातो. डोकं मागून येतं." निम्मा गेलेला डाग ठेवून तरी काय उपयोग, म्हणून उरलेलाही काढला. मुलाला काय केलं याचा जो एकच पुरावा आळीत आला होता, तो त्यांनी नीट, दोन पाण्यांत धुऊन टाकला.

पुढचं मात्र त्यांनी ठरवून केलं. दुकानाचं दार लावलं, कात्री घेतली आणि खूण उसवली. एकेक टाका. पिवळा आधी, मग हिरवे. घाईत कापडालाही कात्रीचं टोक लागलं. शर्ट बेवारशी कपड्यांच्या कपाटात सगळ्यात खाली घातला.

आता फाटकावर चार शर्टांचा हिशोब द्यायचा होता. त्यांनी नवऱ्याचा एक जादा शर्ट घेतला. हवालदाराने गाठोडं सोडलं, एक-दोन-तीन-चार मोजले आणि चौथ्यावर बोट ठेवलं.

"हा नवा दिसतोय."

"जुनाच आहे. धुतला की नवा दिसतो."

त्याने शर्ट उजेडाकडे धरला. हवालदार हसला. "काय धुता हो तुम्ही! आमच्या घरचे पण आणून देईन म्हणतो."

आणि खरंच आणून दिले. पुढच्याच आठवड्यापासून. त्याच्या कॉलरला त्यांनी काळा टाका घातला.

नवरा चौदा महिन्यांनी सुटला. हातात एक चिठ्ठी, त्यावर 'आता आवश्यकता नाही' इतकंच. बाहेर कुठे बोलणार नाही अशी सही घेऊन सोडला होता. पहिल्या रात्रीचं जेवण झाल्यावर त्याने एकच विचारलं.

"शर्ट पोचला?"

"पोचला."

"बाईंना दिलास?"

मावशींनी ताटं उचलली. "दिला."

"बरं झालं." मग तो हळूहळू बोलला. मुलगा त्याच्याच ओळीत एकोणीस दिवस होता. एका सकाळी त्याला चौकशीला म्हणून उघड्या अंगाने नेलं, परत आणलं नाही. शर्ट खिळ्यावर राहिला. "सापडलो असतो तर मेलोच असतो गं. पण म्हटलं, आईला कळायला हवं." एवढ्या जिवावरच्या गोष्टीचं आपण काय केलं, हे सांगायची मावशींची छाती झाली नाही. पुढे वीस वर्षांनी नवरा गेला, तो बाईंना सगळं ठाऊक आहे असं समजून गेला. बाईंशी त्याने त्यावर कधी शब्द काढला नाही. सही केली होती ना.

आणि बाई? बाई दर महिन्याला मुलाचे कपडे लाँड्रीत आणायच्या. न वापरलेलेच, पण धुऊन, ऊन दाखवून ठेवायचे, आला की घालायला बरे. मावशी ते घ्यायच्या, खूण झिजली असेल तर पुन्हा घालायच्या, हिरव्या दोन फुल्या, पिवळा टाका, आणि शुक्रवारी परत द्यायच्या. "कसर लागली नाही ना?" बाई विचारायच्या. "नाही बाई." हे चौतीस वर्षं चाललं. हवालदारही येतच होता. निवृत्त झाला, पोट सुटलं, गुडघे गेले. "मावशी, म्हाताऱ्याच्या कॉलरला जरा कडक खळ. मान तेवढीच ताठ राहते." मावशी हसायच्या. तो गेला की दोन ग्लास पाणी प्यायच्या.

मग वखारीचं स्मृतिभवन झालं. रंग दिला, दिवे लावले, दोन्ही आळ्यांचे पुढारी एका व्यासपीठावर बसले. आत डांबलेल्या सगळ्यांची नावं दगडावर कोरायची ठरली, सरकारी वहीवरून. दोनशे बारा नावं. मावशींच्या नवऱ्याचं होतं. बाईंच्या मुलाचं नव्हतं.

बाई तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांच्या. काठी टेकत भवनात गेल्या. तिथल्या मुलीने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, "आजी, वहीत नाव नाही. एखादी वस्तू किंवा साक्षीदार असेल तर महिनाअखेरपर्यंत आणा. मग दगड बसवतील."

बाई तिथून थेट लाँड्रीत आल्या आणि कपड्यांचं बोचकं काउंटरवर ठेवलं.

"हे आता परत नकोत मला. कुणाला उपयोगी पडतील त्याला दे."

"बाई, असं काय..."

"कागद नाही माझ्याकडे, माणूस नाही. आता काय, मला मुलगा होता हेसुद्धा तुझ्या कपाटालाच ठाऊक." आणि काठी टेकत निघून गेल्या.

देऊन टाकायचे म्हणजे खूण उसवायला हवी. मावशींनी कात्री घेतली, पहिल्या शर्टाची कॉलर उलटली आणि तिथेच हात थांबला. मेलेल्याचीच उसवायची, हा नियम. मग चौतीस वर्षांपूर्वी त्या कपाटाशी बसून आपण काय केलं होतं? आई रोज वाट बघत असताना तिच्या मुलाला आपण मारून मोकळ्या झालो होतो.

त्यांनी कपाटाच्या तळातून राखाडी शर्ट काढला आणि खिडकीशी नेला. आता त्यात काय राहिलंय म्हणून कॉलर उलटली, तर खूण होती. दोरा नव्हता. पण टाक्यांखालचं कापड तेवढं विटलं नव्हतं. फिकट राखाडीवर गडद राखाडीच्या दोन बारीक फुल्या आणि बाजूला एक आडवी रेघ. कपडा कितीही धुतला तरी टाक्याखालचा रंग टिकतो, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. भीतीने फक्त त्या दिवशी विसरायला लावलं होतं.

त्या दिवशी त्यांनी भर दुपारी दुकान बंद केलं. मला आठवतंय, कारण तसं कधी झालं नव्हतं. दार वाजलं. मावशी शर्ट छातीशी धरून उभ्या.

"तुम्ही ऑफिसात नकाशे काढायचात ना? सरळ रेघ येते ना अजून?"

"येते बहुतेक."

"मग ही खूण काढून द्या. मोजून. आणि मी सांगते ते लिहून द्या. माझा हात लिहिताना कापतो."

मी चौकटीच्या कागदावर ती खूण दहापट मोठी काढली. बाजूला बाईंच्या मुलाच्या दुसऱ्या शर्टावरची दोऱ्याची खूण काढली. दोन्ही तंतोतंत जुळल्या. मग चार पानं लिहिली. फाटक, घडी, मोजणी, सगळं. हवालदाराचा मजकूर आला तेव्हा त्या थांबल्या आणि खिडकीतून खाली रस्त्यावर पाहिलं.

"हे वगळलं तर?" मी विचारलं. घाबरट सल्ला द्यायला मी कधीच कमी पडलो नाही.

"वगळलं की झालं परत तेच. लिहा."

निघताना मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, "मावशी, माझ्या कॉलरला कुठली खूण आहे?"

"पांढऱ्यावर पांढरा एक टाका," त्या म्हणाल्या. "तुम्ही कुणाच्या अध्यात ना मध्यात."

बाईंच्या खोलीत काय झालं ते मी ऐकलेलं आहे. मावशींनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "उजेडात आण." वर्तमानपत्र वाचायचं भिंग घेतलं आणि कॉलर बराच वेळ पाहिली. मग शर्टाच्या पाठीवर हात फिरवला.

"इथे डाग होता?"

"हो."

"चांगला काढलायस."

मावशींच्या डोळ्यांना धार लागली. बाईंच्या नव्हती.

"दर महिन्याला त्याचे कपडे माझ्या हातून घ्यायचीस तू."

"हो बाई."

"मी विचारायचे, कसर लागली नाही ना."

"हो."

बाईंनी भिंग पेटीत ठेवलं. "भवन किती वाजता उघडतं?"

"दहाला."

"थांब मग. कपडे बदलते."

नाव लागलं. दोनशे तेरावं, सगळ्यात खाली, बाकीच्या अक्षरांपेक्षा जरा बारीक, कारण दगडावर जागा उरली नव्हती. बाई ते बघायला गेल्या, मावशींना बरोबर नेलं नाही. लाँड्रीत त्या पुन्हा आल्या नाहीत. मावशींना त्याचं वाईट वाटलं असावं. पण भीती त्याहून मोठी होती. भवनातल्या मुलीने मावशींचा कागद फाइलला लावला होता आणि फाइल कुणालाही बघता येत होती.

चौथ्या दिवशी हवालदार आला. हातात कपडे नव्हते. काउंटरसमोरच्या खुर्चीवर बसला, काठी गुडघ्यांत धरली आणि नुसता बसून राहिला. मावशी इस्त्री करत राहिल्या. एकच उशीचा अभ्रा त्यांनी चारदा केला. अर्ध्या तासाने तो उठला.

"चार शर्ट होते नाही का? आणि चौथा बदललेला," तो म्हणाला. "मला तेव्हाच वाटलं होतं. मोजणीत मी कधी चुकलो नाही."

दुसऱ्या दिवशीही आला, तिसऱ्याही. बोलला काहीच नाही. मग त्याचा मुलगा यायला लागला, तो आत न येता समोरच्या फुटपाथवर मोटारसायकलला टेकून उभा राहायचा. पोलिसांत कळवावं तर काय कळवणार? माणूस खुर्चीत बसला होता, दुसरा फुटपाथवर उभा होता. मावशींनी दाराला दुसरी कडी बसवली. घंटी वाजली की हातातली इस्त्री आधी बाजूला ठेवून मगच मागे वळायच्या. मी जिन्यावरून येता-जाता हे सगळं पाहत होतो. एकदा तरी त्या खुर्चीत मीच आधी जाऊन बसायला हवं होतं. सुचलं तेव्हा उशीर झाला होता.

महिन्याभरात त्यांनी दुकान हाताखालच्या इस्त्रीवाल्या मुलीच्या हवाली केलं आणि एका रविवारी सकाळी दूरच्या गावी बहिणीकडे निघून गेल्या. सोबत दोऱ्यांचा डबा नेला. त्याच थंडीत छातीच्या आजाराने गेल्या, हे मला दोन महिन्यांनी त्या मुलीकडून कळलं. चारशे खुणा त्यांच्याबरोबर गेल्या. आता कागदाच्या चिठ्ठ्या लावतात.

जायच्या आधीच्या शुक्रवारी मी नेहमीसारखा शर्ट आणायला खाली गेलो होतो. जाणार असल्याचं त्यांनी मला सांगितलं नव्हतं. समोरच्या फुटपाथवर मोटारसायकल उभी होती. मावशींनी तिकडे न बघता चार शर्ट माझ्यापुढे सरकवले.

"कॉलरला खळ कमी केलीय," त्या म्हणाल्या. "मान लाल होते तुमची."

"बरं."

"दोन राहिलेत. मंगळवारी."

"मंगळवारी," मी म्हणालो.